‘आमचा करार कुठे आहे?’ असं मॅजिस्ट्रेटना विचारू का?

पत्र (थोडं आटोपशीर करून) :

ताई, नमस्कार. मी मूळ सोलापूरचा. दोन वर्षांपासून इंग्लंडमध्ये मिडलंड्समधल्या एका शहरात आयटीत नोकरी करतो. स्किल्ड वर्कर व्हिसावर आहे. बायको डिपेंडंट म्हणून आली आणि सप्टेंबरअखेरीपासून तिचं इथल्याच विद्यापीठात फुल-टाइम एमएससी सुरू झालं आहे. आमच्या भाड्याच्या फ्लॅटचा काउन्सिल टॅक्स (इथल्या पालिकेची घरपट्टी) वर्षाला १,८०० पौंड येतो, म्हणजे १८० चे दहा हप्ते. एप्रिल, मे आणि जूनचे भरले. मग मंडळाच्या एका कार्यक्रमात ओळखीचे एक दादा भेटले. ते म्हणाले, हा टॅक्स द्यायची सक्तीच नसते, कारण आपण काउन्सिलशी करार केलेला नसतो. त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रांचे तीन नमुने पाठवले. पहिलं मी ऑगस्टमध्ये टाकलं. मग रिमाइंडर आलं, ते दादांच्या सांगण्यावरून बाजूला ठेवलं. आता समन्स आलंय. १,२६० पौंड बाकी, वर ९५ पौंड खर्च, आणि सुनावणी तीन आठवड्यांवर. समन्सवर दोघांची नावं आहेत. दादा म्हणतात, कोर्टात उभं राहून सांग की मॅजिस्ट्रेट कोर्टाचा माझ्यावर अधिकार नाही, समन्सवर खरी सही नाही, म्हणून सगळं रद्दबातल आहे. त्यांनी स्वतः दोन वर्षं टॅक्स भरलेला नाही आणि त्यांना काही झालेलं नाही. दुसरं पत्र प्रिंट काढून ठेवलंय. पाठवू का? आणि हे अंगाशी आलं तर व्हिसा, तुरुंग यांचं काय? बायको रात्री झोपत नाही.

उत्तर :

पाठवू नका. कोर्टात ते वाक्य उच्चारूही नका. कोर्टात मात्र जा. आपल्याकडे शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण ते खटला घालणाऱ्यासाठी. समन्स आलेल्यानं घरी बसणं यात शहाणपण नाही.

तुमच्या बायकोला आधी झोप लागू दे, म्हणून शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. काउन्सिल टॅक्स थकणं हा इंग्लंडमध्ये गुन्हा नाही. मॅजिस्ट्रेट कोर्टात चोऱ्यामाऱ्यांचे खटलेही चालतात, म्हणून नाव ऐकून धडकी भरते, पण तुमचं प्रकरण दिवाणी आहे. त्या दिवशी कोर्ट फार तर ‘लायबिलिटी ऑर्डर’ देईल. ही रक्कम तुम्ही देणं लागता, एवढंच त्या आदेशाचं म्हणणं. काउंटी कोर्टाच्या निवाड्यासारखी त्याची नोंद क्रेडिट रेकॉर्डवर जात नाही आणि त्यानं कुणी गुन्हेगारही ठरत नाही. त्या सकाळी तुरुंगाचा विषयच निघत नाही. व्हिसाचं म्हणाल तर थकलेल्या टॅक्सचा आदेश निघाला म्हणून कुणी तुम्हाला विमानात बसवणार नाही. पण पुढे नागरिकत्वाचा अर्ज कराल तेव्हा तुमचं आर्थिक वर्तनही पाहिलं जाईल. हिशेब चुकता केलेला माणूस आणि ‘मी तुमचं कोर्ट मानत नाही’ असं लिहून देणारा माणूस, या दोघांच्या फायली सारख्या दिसत नाहीत. त्याबद्दल नक्की काय ते नोंदणीकृत इमिग्रेशन सल्लागाराला विचारा. ते माझं क्षेत्र नाही.

आता दादांकडे येऊ. मी काही वर्षं इथल्या एका सल्ला केंद्रात आठवड्यातून एक दिवस स्वयंसेवक म्हणून बसत असे. ही पत्रं तेव्हाही यायची. मजकूर तोच, फक्त टंक बदललेला. वाचताना मजा येते हे कबूल करते. लॅटिन शब्द, मोठ्या अक्षरांतलं नाव, अंगठ्याचा लाल ठसा! पण त्यांतला एकेक मुद्दा चिमटीत धरून उचलला की हातात काही राहत नाही.

करार नाही म्हणून कर नाही, हा पहिला मुद्दा. सोलापुरात तुमच्या वडिलांनी महानगरपालिकेशी करारपत्र करून घरपट्टी भरली का? कर कायद्यानं लागतो. इथला हा कर पार्लमेंटनं १९९२ च्या लोकल गव्हर्न्मेंट फायनान्स अ‍ॅक्टनं आणला आणि १ एप्रिल १९९३ पासून तो लागू आहे. १९९२ च्याच वसुलीच्या नियमांत लिहिलंय, की काउन्सिलनं मॅजिस्ट्रेटकडे जायचं, आणि रक्कम देणं झालेली आहे व भरलेली नाही याची खात्री पटली तर मॅजिस्ट्रेटनं आदेश द्यायचा. ‘देऊ शकतो’ असं तिथं नाही, ‘द्यायचा’ असं आहे. म्हणजे कोर्टाचा अधिकार तुमच्या होकारावर टांगलेला नाही.

दुसरा मुद्दा मॅग्ना कार्टाचा. तुमच्या दुसऱ्या पत्रात इंग्लंडच्या राजाच्या या १२१५ च्या सनदेचं ६१ वं कलम असणार, न बघता सांगते. त्याच्या जोरावर कर नाकारता येतो, असा दावा. राजानं सनद मोडली तर २५ सरदारांनी त्याची मालमत्ता जप्त करून त्याला वठणीवर आणावं, असं ते कलम. ती सनद त्याच वर्षी पोप तिसऱ्या इनोसंटनं रद्द ठरवली, आणि १२१६ साली ती पुन्हा काढली तेव्हा हे कलम गाळलं. नंतर ते परत आलंच नाही. पेशवाईतली एखादी सनद दाखवून एक्सप्रेसवेवर टोलमाफी मागावी, तसला हा प्रकार. नाव मोठ्या अक्षरांत छापलं की तो मी नव्हेच, ती एक कागदी कंपनी, हाही त्यातलाच दावा. सातबाऱ्यावर नाव ठळक छापलं म्हणून जमीन दुसऱ्याची होत नाही.

ही सगळी मंत्रावळी एका न्यायाधीशानं बसून मुळापासून तपासलेली आहे. कॅनडातल्या अल्बर्टाचे न्यायमूर्ती जॉन रूक यांनी २०१२ साली ‘मीड्स विरुद्ध मीड्स’ या घटस्फोटाच्या प्रकरणात असल्या युक्तिवादांची लांबलचक छाननी केली आणि एकही कायद्यात बसत नाही असं लिहिलं. अशी पत्रं विकून पैसे करणाऱ्यांनाही त्यांनी झोडपलं. विलायतेतल्या न्यायाधीशांनीही त्या निकालाचा आधार घेतलेला आहे.

सहीचा मुद्दा जरा वेगळा, कारण त्याच्या तळाशी खऱ्याचा एक कण आहे. बऱ्याच ठिकाणी समन्स छापायचं आणि पोस्टात टाकायचं काम काउन्सिलच करतं. एका सकाळच्या यादीत शेकडो नावं असतात. हे पाहिलं की माणसाला वाटतं, कोर्टाचं नाव लावून काउन्सिलनंच चालवलेला हा कारखाना आहे. वाटणं अगदीच चूक नाही. मलाही ती यादी कधी आवडली नाही. पण कायदा सांगतो तो फरक असा : समन्स काढायचा निर्णय न्यायासनाच्या माणसाचा हवा, त्यावर सही मात्र रबरी शिक्क्याची चालते. हायकोर्टानं हे १९७५ सालीच सांगून ठेवलंय. त्यामुळे शाईची सही नाही एवढ्यावर तुमचं समन्स पडणार नाही.

आणि दादांना दोन वर्षांत काही झालेलं नाही, त्याचं काय? काउन्सिलला कोर्टात यायला रक्कम देय झाल्यापासून सहा वर्षं मिळतात. एकदा आदेश मिळाला की पुढच्या वसुलीला तसली मुदत नाही. दादा वाचलेले नाहीत, दादा रांगेत आहेत.

मला खरी काळजी वाटते ती या पत्रांच्या एका परिणामाची, जो दादांनी तुम्हाला सांगितलेला नाही. इंग्लंडमध्ये या कराच्या थकबाकीसाठी आजही तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ती फार पुढची पायरी. आधी लायबिलिटी ऑर्डर, मग बेलिफ (जप्तीसाठी दारात येणारे वसुलीवाले) जाऊन रिकाम्या हातानं परतायला हवेत, मग वेगळी सुनावणी, तिथं तुमच्या ऐपतीची चौकशी, आणि तुम्ही मुद्दाम नाकारलंत किंवा अक्षम्य हलगर्जी केलीत असं ठरलं तरच कैद. वेल्समध्ये १ एप्रिल २०१९ पासून ही शिक्षाच काढून टाकली. त्याआधी पोर्थकॉल गावातल्या एका बाईला ८१ दिवसांची कैद झाली होती आणि हायकोर्टानं नंतर ती बेकायदा ठरवली. इंग्लंडमध्येही हे क्वचितच घडतं. पण ‘मुद्दाम नाकारलं’ हे सिद्ध करणं काउन्सिलला एरवी जड जातं. ते सिद्ध करणारा कागद तुम्ही स्वतःच्या सहीनिशी, स्वतःचं तिकीट लावून त्यांना घरपोच करत आहात.

इतका वेळ मी कोर्टाचीच वकिली केली असं वाटेल. तसं नाही. कोर्टाच्या अधिकाराला मर्यादा आहेत, आणि चांगल्या अरुंद आहेत. दादा त्या चुकीच्या ठिकाणी शोधतात, एवढंच.

पहिली मर्यादा तुमच्या फार उपयोगाची आहे. तुम्ही जबाबदार आहात का, तुम्हाला सवलत लागते का, घर करमुक्त आहे का, हे प्रश्न मॅजिस्ट्रेटना ऐकताच येत नाहीत. नियमांनी ते त्यांच्या हातून काढून व्हॅल्युएशन ट्रायब्युनल या वेगळ्या न्यायाधिकरणाकडे दिलेत. त्यामुळे लोक कोर्टात उभे राहून तळमळीनं सांगतात, ‘साहेब, मी एकटा राहतो, बिल चुकलंय,’ आणि तिकडून उत्तर येतं की ते आमच्याकडे नाही. लोक चिडतात. पण त्याचा सरळ अर्थ असा, की बिलाबद्दलचं भांडण कोर्टाच्या तारखेची वाट न बघता काउन्सिलशी आजच सुरू करायला हवं.

आणि तुमच्याकडे असं भांडण आहे! पत्रात तुम्ही ते जाता जाता लिहून टाकलंत. बायको फुल-टाइम विद्यार्थिनी आहे. हा कर ठरवताना घरातली मोठी माणसं मोजतात आणि फुल-टाइम विद्यार्थी त्या मोजणीत धरत नाहीत. म्हणजे सप्टेंबरअखेरीपासून तुमच्या घरात हिशेबापुरते तुम्ही एकटेच, आणि एकट्याला २५ टक्के सूट. वर्षाचे १,८०० म्हणजे महिन्याचे १५०. ऑक्टोबर ते मार्च सहा महिन्यांचे ९००, त्याची चौथाई २२५ पौंड. बाकी १,२६० वरून साधारण १,०३५ वर येते. तीन महिने तुम्ही मॅग्ना कार्टा वाचत होतात आणि २२५ पौंड विद्यापीठाच्या पोर्टलवर पडून होते. बायकोला तिथून काउन्सिल टॅक्ससाठीचा विद्यार्थी-दाखला काढायला सांगा, बहुतेक ठिकाणी तो काही मिनिटांत मिळतो. शिवाय नवरा-बायको म्हणून दोघांवर एकत्र जबाबदारी येते खरी, पण ज्या दिवसापासून ती विद्यार्थिनी झाली त्या दिवसापासून तिच्यावर ती राहत नाही. समन्सवर तिचं नाव कोणत्या काळासाठी आहे, हेही त्याच पत्रात विचारा.

इथे एक शंका तुमच्या मनात येणार, कारण प्रत्येक व्हिसावाल्याच्या मनात येते : सूट घेतली तर ‘पब्लिक फंड्स’ (व्हिसावाल्यांना बहुधा मनाई असलेली सरकारी मदत) घेतले असं होईल का? दोन गोष्टींची गल्लत होते. उत्पन्न कमी म्हणून मिळतं ते ‘काउन्सिल टॅक्स रिडक्शन’. ते पब्लिक फंडात मोडतं, व्हिसावर तशी अट असेल तर त्याला हात लावू नका. एकट्या माणसाची किंवा विद्यार्थ्यामुळे मिळणारी सूट मात्र त्यात येत नाही. नावं सारखी वाटतात म्हणून कितीतरी मराठी घरं घाबरून हक्काचे पैसे सोडतात. अर्ज भरताना कोणता फॉर्म उघडलाय हे दोनदा बघा.

काउन्सिलला लिहिताना सवलतीची मागणी, कारण, तारीख आणि दाखला एवढंच लिहा. त्यांनी नकार दिला किंवा दोन महिन्यांत उत्तरच दिलं नाही, तर ट्रायब्युनलकडे जाता येतं. तिथे फी नाही, वकील लागत नाही. मात्र ट्रायब्युनलकडे गेलात म्हणून कोर्टातली सुनावणी आपोआप थांबत नाही, हे ध्यानात ठेवा.

दुसरी मर्यादा कार्यपद्धतीची. काउन्सिलला पायऱ्या गाळता येत नाहीत. बिल, मग रिमाइंडर, त्यात सात दिवसांची मुदत, ती चुकली की उरलेल्या वर्षाची सगळी रक्कम एकदम देय, मग समन्स. समन्स पोचणं आणि सुनावणी यांत किमान चौदा दिवस हवेत. काउन्सिल टॅक्सच्या आधी इथं पोल टॅक्स (माणशी लागणारा कर) होता, त्याच्याविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले होते हे तुम्ही ऐकलं असेल. १९९० च्या उन्हाळ्यात आइल ऑफ वाइटवर त्याचे अगदी सुरुवातीचे खटले कोर्टात आले आणि तिथंच बारगळले. लोकांना पैसे भरायला पुरेसा वेळ देऊन रिमाइंडर गेलेलं नव्हतं, एवढंच कारण. कुणी राजाच्या सनदा काढल्या नव्हत्या, फक्त तारखा मोजल्या होत्या. तुम्हीही मोजा. पण तुमच्या पत्रावरून मला दिसतं ते असं : रिमाइंडर मिळालं होतं आणि तुम्ही ते ठेवून दिलंत. तारखा जुळत असतील तर हा मुद्दा तुमच्यासाठी संपला.

तिसरी मर्यादा त्या ९५ पौंडांची, आणि इथं मला एका म्हाताऱ्या पाद्र्याची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. रेव्हरंड पॉल निकोलसन, उत्तर लंडनच्या टॉटनहॅममधले निवृत्त धर्मगुरू. गरिबांच्या सवलती कापल्या म्हणून निषेधासाठी त्यांनी काउन्सिल टॅक्स भरायचं जाणूनबुजून थांबवलं. हॅरिंगे काउन्सिलनं त्यांना कोर्टात ओढलं आणि वर १२५ पौंड खर्च लावला. निकोलसनांनी कोर्टाचा अधिकार नाकारला नाही. त्यांनी शाळामास्तरासारखा एकच प्रश्न विचारला : हा १२५ चा आकडा आला कुठून? मॅजिस्ट्रेटकडे उत्तर नव्हतं. त्यांनी आकडा तसाच मंजूर केला. निकोलसन हायकोर्टात गेले. २०१५ च्या मे महिन्यात निकाल लागला. खर्च वाजवी आहे का हे ठरवायला पुरेशी माहिती हाती नसताना मॅजिस्ट्रेटनं तो लावणं बेकायदा होतं, असं न्यायमूर्ती अँड्रूज यांनी सांगितलं. तेव्हा निकोलसन ऐंशी ओलांडलेले होते.

लक्षात घ्या, टॅक्स त्यांचा माफ झाला नाही. पण खर्चाचा हिशेब दाखवायची जबाबदारी काउन्सिलच्या गळ्यात पडली ती अशी. तेव्हा तुम्हीही आजच ईमेल करा, की ९५ पौंडांचा हिशेब कसा लावला त्याचा तपशील सुनावणीपूर्वी द्या. बहुधा एक तक्ता येईल. पटला तर ठीक. उत्तर आलंच नाही तर सुनावणीत शांतपणे सांगा, ‘मी हिशेब मागितला होता, मिळाला नाही.’ कोर्टाच्या अधिकारावर बोट ठेवायचंच असेल तर ते असं ठेवतात.

सुनावणीच्या दिवशी काय होतं तेही सांगते, म्हणजे पोटात गोळा येणार नाही. मॅजिस्ट्रेट म्हणजे बहुतेक वेळा काळा झगा घातलेले न्यायाधीश नसतात. गावातलेच, बिनपगारी काम करणारे लोक असतात आणि कायदा सांगायला शेजारी सल्लागार बसतो. खोलीबाहेरच्या व्हरांड्यात काउन्सिलचा माणूस यादी घेऊन उभा असतो. अर्धी कामं तिथंच उरकतात. त्याला गाठा, दाखला दाखवा, हप्ते मागा. हप्ते पाडून द्यायचा अधिकार मॅजिस्ट्रेटना या टप्प्यावर नाही, तो काउन्सिलचाच. जे ठरेल ते लेखी घ्या, निदान ईमेलवर. हप्ते देऊनही काउन्सिल लायबिलिटी ऑर्डर मागतंच, त्यानं दचकू नका. सुनावणीआधी टॅक्स आणि खर्च दोन्ही भरलंत तर जायचीही गरज उरत नाही. नुसता टॅक्स भरलात तर खर्चापुरतं प्रकरण ते पुढे नेऊ शकतात.

टाळायची आहे ती त्यानंतरची पायरी. आदेश हातात आल्यावर काउन्सिल थेट पगारातून कापायला तुमच्या कंपनीला कळवू शकतं, किंवा बेलिफकडे देतं. २०१४ साली बेलिफांचे दर ठरले तेव्हा नुसतं प्रकरण हाती घेतल्याचे ७५ पौंड आणि दारात आल्याचे आणखी २३५, असे होते. १,०३५ चं देणं या दोन पायऱ्यांत कुठं पोचतं बघा. या टॅक्ससाठी पहिल्या भेटीत त्यांना दार फोडून आत येता येत नाही, पण उघड्या दारातून येता येतं. गोष्ट तिथवर जातेय असं दिसलं तर स्टेपचेंज, नॅशनल डेटलाइन किंवा सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस यांच्याकडे जा. तिन्हीकडे सल्ला फुकट मिळतो. त्यांच्या मदतीनं ‘ब्रीदिंग स्पेस’ मिळाली तर साठ दिवस वसुली थांबते.

तुमची मूळ चूक मला समजते. आपल्याकडे घरपट्टी घरमालकाच्या नावावर येते, भाडेकरूला ती दिसतही नाही. इथं ती राहणाऱ्याच्या नावानं येते. महिन्याला १८० पौंड आपण कशाला देतोय, असं आतून वाटत राहतं, आणि नेमकं तेच बोलून दाखवणारा दादा भेटला की पटतं. दादांशी भांडू नका. मंडळात पुढच्या वेळी भेटतील तेव्हा एवढंच विचारा, की तुमच्या घरात कुणी फुल-टाइम शिकतंय का.

आणि ते प्रिंट काढून ठेवलेलं दुसरं पत्र फेकू नका. मागची बाजू कोरी असेल. त्यावर १,०३५ ला मार्चपर्यंतच्या महिन्यांनी भागा, दर महिन्याला झेपेल तो आकडा खाली लिहा, आणि तो कागद घेऊन व्हरांड्यात जा.